भुकेला कोंडा

गेल्या वर्षी दिवाळीला पाचसहा दिवस असताना आमच्या ठकीने अन्न सोडले.

ठकी म्हणजे आमची कुत्री. तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात बालवाडीच्या पडवीत, मुलांच्या ओल्या छत्र्यांच्या ढिगाआड ती मला सापडली. आमच्या खेळण्यांच्या पेटीत एक लाकडी ठकी आहे. तिचा एक कान कधीच तुटला आहे. ह्या पिलाचाही एक कान कुणीतरी चावून अर्धा केला होता. तेव्हा नाव मुलांनीच ठेवले. जात विचाराल तर गावठी, रंग भाजलेल्या गव्हाचा, स्वभाव भिडस्त. आमचे घर मंगळवार पेठेत. यजमान शिरोलीच्या एका फौंड्रीत आहेत, मुलगी कॉलेजात जाते, मुलगा दहावीला आहे. मी बालवाडीत शिकवते आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. मॅट्रिकच्या पुढे माझे शिक्षण झालेले नाही. हे मुद्दाम सांगते, कारण आज मी ज्या प्रश्नाला हात घालते आहे तो मोठमोठ्या विचारवंतांचा आहे आणि त्यांची परिभाषा मला येत नाही. माझ्याजवळ एक कुत्री आहे, तिची जर्मनची ताटली आहे, आणि वीस वर्षे दुसऱ्यांच्या मुलांचे डबे उघडून बसल्याचा अनुभव आहे. एवढ्याच भांडवलावर लिहिते.

तर त्या सोमवारी सकाळी मी आदल्या दिवशीचा रस्सा भातात कालवून ताटली नेहमीप्रमाणे जिन्याखाली ठेवली. ठकी आली. वास घेतला, माझ्या तोंडाकडे पाहिले आणि दोन पावले मागे सरून भिंतीला टेकून बसली. संध्याकाळी तेच. घरात चकलीच्या भाजणीचा खमंग वास भरून राहिला होता, मुलगी अनारशांचे पीठ मळत होती, आणि आमच्या घरातला एक जीव मात्र अन्नाकडे पाठ करून बसला होता.

शेजारच्या आक्का पणत्या मागायला आल्या होत्या. त्यांनी ताटली पाहिली आणि निकाल दिला, "बाई, लाडानं चढलीया ती. दोन दिस काय घालू नका. झक मारत खाईल. भुकेला कोंडा अन् निजंला धोंडा." त्यांच्या मुलाने एक कारवानी पाळला आहे, उंच, सडपातळ, राजघराण्यात शोभेल असा. ह्याच जातीची एक जोडी मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी पंचम जॉर्ज बादशहाला नजर केली होती, हे आक्का येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. तो कारवानी शिळी भाकरीसुद्धा मुकाट्याने खातो. त्यामुळे आक्कांच्या शब्दाला वजन होते.

आणि मी त्यांचे ऐकले, हे कबूल केले पाहिजे. मंगळवारी मी ताटली भरलीच नाही. ठकीने तक्रार केली नाही. तिने फक्त रिकामी ताटली एकदा नाकाने ढकलून पाहिली. त्या घासण्याचा आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू आला आणि हातातली चकली मोडली.

रात्री पडल्या पडल्या ती म्हण माझ्या डोक्यातून जाईना. भुकेला कोंडा, निजेला धोंडा. बालवाडीत मी ती हजार वेळा म्हटली असेन. म्हण खोटी नाही. ज्याला खरी भूक लागली त्याने स्वतःच्या मनाला घातलेली ती समजूत आहे. तिच्यात एक प्रकारचा मर्दपणाही आहे. पण ही म्हण म्हणायची कुणी? कोंडा खाणाऱ्याने. ज्याच्या हातात परडी आहे त्याने ती म्हटली की तिचा अर्थच फिरतो. मग ती समजूत राहत नाही, धमकी होते.

पोटातून हुकूम चालवण्याची ही विद्या आपल्या गावाला नवी नाही. शाहू महाराजांच्या काळात कोल्हापूरच्या दरबारी शिकारीचे चित्ते होते. चित्ता पाळण्याची रीत अशी की पिलू उपयोगी पडत नसे, कारण त्याला शिकार ठाऊक नसते. म्हणून रानात वाढलेला चित्ता पकडून आणायचा, डोळ्यांवर टोपी घालायची आणि आपल्या हातून खायची सवय लावायची. वाऱ्यासारखे धावणारे ते जनावर शेवटी मांसाच्या एका तुकड्यासाठी हरणावरची पकड सोडून मागे सरत असे. सारा खेळ हातातल्या तुकड्याचा. आमच्या घरात टोपी नाही आणि साखळीही नाही, पण जिन्याखालच्या त्या ताटलीत जे आहे ते ह्याहून निराळे नाही. ठकी स्वतः बाजारात जाऊ शकत नाही, पातेल्याचे झाकण काढू शकत नाही. तिने काय खायचे, केव्हा खायचे, किती खायचे, हे मी ठरवणार. तिच्या हातात एकच गोष्ट उरते. तोंड फिरवणे.

मग ज्याचे पोट आपल्या हातात आहे, त्याच्या 'नको'ला आपण किती मान द्यायचा? मला प्रश्न पडला तो एवढाच.

वीस वर्षांच्या नोकरीत मी ह्या 'नको'ची भीड कधी फारशी बाळगली नाही. डबा संपवल्याशिवाय खेळायला सोडायचे नाही, हा माझ्या वर्गाचा नियम. एकदा एका चिमुरड्याला मी मेथीची भाजी पुरती संपवायला लावली. तो एकेक घास गालात साठवत राहिला आणि शेवटी सगळे माझ्या पायांवर ओकला. दुसऱ्या दिवशी त्याची आई सांगत आली की रात्री त्याच्या अंगात ताप होता. ती रागावली नाही. उलट, "बाई, तुमी चांगल्यासाठीच केलं," असे म्हणाली. ते वाक्य मला अजून टोचते.

बुधवारी सकाळी मात्र मी ठकीला रिक्षात घातले आणि जनावरांच्या डॉक्टरांकडे नेले. डॉक्टर तरुण आहेत आणि कमी बोलतात. त्यांनी आधी मलाच विचारायला सुरुवात केली. पूर्वी काय खात होती? काय सोडले? केव्हापासून? मी सांगत गेले, आणि सांगता सांगता माझ्या ध्यानात आले की मी कुत्रीचे नखरे सांगत नव्हते, स्वतःचाच कबुलीजबाब देत होते.

ठकी लहान असताना दूध-भाकरी खात असे. यजमान गंगावेशीच्या कट्ट्यावरून समोर पिळलेले म्हशीचे दूध आणत. त्यातले तिच्या वाटणीला येई. एके दिवशी जंताची गोळी मी कुटून त्या दूध-भाकरीत कालवली. ती कडू असावी, किंवा तिच्या पोटात ढवळले असावे. रात्री ती दोनदा ओकली. त्या दिवसापासून तिने दूध-भाकरीला आजतागायत तोंड लावलेले नाही. मी म्हटले, चढली. डॉक्टर म्हणाले, "चढली नाही, लक्षात ठेवलं तिनं." जॉन गार्सिया नावाच्या एका अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५५ साली उंदरांवर हे दाखवून दिले आहे. एखादी चव घेतल्यावर मळमळले तर तो जीव पुढे ती चव टाळतो, आणि त्याला शिकायला असा एकच प्रसंग पुरतो. बालवाडीतल्या मुलांना 'क' शिकवायला मला महिना लागतो!

दूध-भाकरी सुटल्यावर मी तिला भात-रस्सा घालू लागले. कोल्हापुरातल्या घरात रविवारी काय शिजते ते सांगायला नको. तांबडा काय, पांढरा काय, माणसाला अमृत. पण वाटणात कांदा आणि लसूण. कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, मग तो कच्चा असो की शिजवलेला, हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हते. रश्शाबरोबर नळी. शिजवलेले हाड ठिसूळ होते, त्याच्या कपच्या घशात नाही तर आतड्यात रुततात. आणि जे फुटत नाही ते दात फोडते. डॉक्टरांनी ठकीचा वरचा ओठ उचलला. मागची मोठी दाढ उभी चिरली होती आणि तिच्या मुळाशी पू झाला होता. त्या दाढेवर तिखट रस्सा मी रोज दोनदा ठेवत होते, आणि तिने तोंड फिरवले तेव्हा तिला उपाशी ठेवत होते.

"कुत्रं दिवसभर काही खात नसेल तर वाट बघायची नाही, घेऊन यायचं. पिलू असेल तर त्याआधीच," एवढेच डॉक्टर म्हणाले. त्यांनी मला दोष दिला नाही. त्यांनीही माझे चांगल्यासाठीच केलेले मान्य केले असावे.

भूल देऊन दाढ काढली. घरी आल्यावर सात दिवस गोळ्या होत्या, सकाळी एक, संध्याकाळी एक. आता ह्या गोळ्या द्यायच्या कशा? यजमान म्हणाले, "पेढ्यात घाल की. तिला काय कळतंय." मी पेढा हातात घेतलाही. आणि तिथेच थांबले, कारण मला आत्याबाई आठवल्या.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना जाऊन पाच वर्षे झाली. शरीराने काटक, जिभेने तिखट, आणि दर पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला जाणाऱ्या. देवघरात दत्ताची तसबीर, तिच्यात पायाशी चार कुत्री. ते चार वेद आहेत असे पुराणिक सांगतात, पण आत्याबाईंना ती कुत्रीच वाटत, आणि दाराशी येणाऱ्या कुत्र्याची भाकरी त्या पहिल्या तव्याची बाजूला काढून ठेवीत. मामंजी गेल्यावर त्यांचे मन उडाले. साखरेचा आजार होता. गोळ्या घ्यायला त्या नाही म्हणू लागल्या. "आता कशाला? झालं की माझं." आम्ही समजावले, रागावलो, मुलांना पुढे केले. मग मी एक सोपी वाट काढली. त्यांच्या आंबिलीत गोळी कुटून घालू लागले. महिनाभर चालले. डॉक्टरांनी साखर तपासली, उतरली होती. घरात मी शहाणी ठरले.

एके दिवशी वाटीच्या तळाशी पांढरा साका राहिला. आत्याबाईंनी तो बोटावर घेऊन जिभेला लावला. मी समोरच बसले होते. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "सांगून घातलं असतंस तर इखबी घेतलं असतं तुझ्या हातचं."

त्यानंतर त्या आठ महिने जगल्या. जेवत होत्या, पण मी वाढलेले पान माझ्या मुलीपुढे सरकवून, "तू आधी एक घास खा गं," असे म्हणत आणि मगच हात घालीत. त्यात राग नव्हता. हात भाजलेला माणूस चुलीजवळ जसा जपून बसतो, तसे ते होते. मी चार वेळा क्षमा मागितली. "असू दे," म्हणाल्या. पण मुलीने घास घेतल्याशिवाय त्यांनी माझ्या हातचे शेवटपर्यंत खाल्ले नाही.

यजमानांना आजही वाटते की मी केले ते योग्यच होते. "तू गोळी घातली नसतीस तर ते आठ महिनेही मिळाले नसते," असे ते म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे मला खोडून काढता येत नाही. जीव वाचवणे मोठे की विश्वास, असा प्रश्न विचारला तर सगळे जीवाच्या बाजूने हात वर करतील. मीही करीन. पण तो प्रश्न त्या दिवशी माझ्यापुढे नव्हताच. आत्याबाई मरायला टेकल्या नव्हत्या. मला फक्त रोजच्या समजावणीचा कंटाळा आला होता. साक्याच्या त्या वाटीत औषध थोडे आणि माझी सोय जास्त होती.

मी पेढा डब्यात ठेवला. ठकीला मांडीत धरले, जबडा उघडला, गोळी जिभेच्या अगदी मागे ठेवली, तोंड मिटून धरले आणि घसा चोळला. ती गुरगुरली, माझ्या मनगटावर तिचे दात उमटले. ही सरळसरळ जबरदस्ती होती, आणि तरीही मला ती बरी वाटली. तिला कळत होते की तिच्यावर काय होते आहे आणि कोण करते आहे. अर्ध्या तासाने ती माझ्या पायाशी येऊन बसली, आणि संध्याकाळी ताटलीतल्या मऊ भाताचा वास घेताना तिला कसली शंका आली नाही. डॉक्टर म्हणतात, पेढ्यातही चालले असते, फक्त रोजच्या अन्नात औषध मिसळू नये. शास्त्रीय दृष्ट्या ते बरोबर असेल. पण माझा हिशेब निराळा होता. त्यात जुनी बाकी होती.

त्याच सुमारास मुलाच्या टेबलावर पावलॉवचे नाव दिसले. घंटा वाजली की कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते, एवढे बहुतेकांना माहीत असते. पण ह्या रशियन शास्त्रज्ञाला १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले ते घंटेसाठी नव्हे, पचनावरच्या कामासाठी. त्याने कुत्र्यांची अन्ननलिका गळ्यापाशी कापून बाहेर उघडली होती. कुत्रे आवडीने मांस खाई, ते गळ्यातून खाली पडे, पोटात कणही जात नसे. तरीही थोड्याच वेळात जठरात रस पाझरू लागे. उलट, कुत्र्याचे लक्ष नसताना जठराला पाडलेल्या छिद्रातून मांस आत सरकवले, तर ते कितीतरी वेळ तसेच पडून राही. म्हणजे खाण्याची इच्छा ही जेवणाच्या बाहेरची चैन नाही. पहिला पाचक रस तीच आहे. 'नको' म्हणणाऱ्याच्या पोटात कोंबलेले अन्न त्याच्या अंगी लागायलाही उशीर होतो. हे कळावे म्हणून ज्या कुत्र्यांचे गळे कापले गेले, त्यांची इच्छा कुणी विचारली नव्हती हेही खरेच. हे सत्य मी वापरते आहे आणि त्याची किंमत ठकीच्याच जातीने दिली आहे. ह्याचे काय करावे मला समजत नाही.

आता राहिला अन्न बदलण्याचा प्रश्न. रस्सा बंद, हाडे बंद, दूध-भाकरी तिने स्वतःच बंद केलेली. नुसता भात आणि उकडलेली कोंबडी किती दिवस? डॉक्टरांनी सांगितले की घरचे अन्न देता येते, पण तोल राखावा लागतो. नुसत्या मांसात चुना पुरेसा नसतो, नुसत्या भाकरीत प्रथिने. भाकरी कुत्र्याला पचतच नाही असे मात्र नव्हे. २०१३ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी लांडगा आणि कुत्रा ह्यांच्या जनुकांची तुलना केली. पिष्ट पचवणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती आढळल्या. कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. हजारो वर्षे माणसाच्या उष्ट्यावर राहून कुत्रा आतून बदलला. आपल्या भाकरीने त्याला घडवले, असे म्हणायला हरकत नाही. पण हा बदल घडायला हजारो वर्षे लागली, आणि आपण सोमवारची पिशवी बदलून मंगळवारी नवी ओततो.

शेवटी पिशवीतले खाद्य घ्यायचे ठरले. दुकानात गेले तर भिंतभर पिशव्या. एकीवर धावणारे कुत्रे, दुसरीवर गाजर-मटार, आत लाल-हिरवे-पिवळे दाणे. कुत्र्याला लाल आणि हिरवा हे रंग आपल्यासारखे निरनिराळे दिसतही नाहीत. हे रंग माझ्यासाठी आहेत. डॉक्टरांनी चित्रे सोडून मागची बारीक अक्षरे वाचायला सांगितले होते. हा पूर्ण आहार आहे की नुसता खाऊ? कोणत्या वयाचा? मुदत कधीपर्यंत? प्रथिने किती? अमेरिकेतल्या एका मान्य प्रमाणाप्रमाणे वाढ पुरी झालेल्या कुत्र्याला, पाणी वगळून, निदान १८ टक्के प्रथिने लागतात आणि वाढत्या पिलाला साडेबावीस. किमतीवरून काहीच ठरवू नये. छापील अक्षरावर डोळे मिटून भरवसाही ठेवू नये. २००७ साली अमेरिकेत नामांकित पिशव्यांत मेलॅमिन नावाची भेसळ निघाली आणि कितीतरी पाळीव जनावरांची मूत्रपिंडे निकामी झाली. तेव्हा नवी पिशवी आणली की आपल्या जनावराकडे पाहत राहायचे, कारण पिशवीवर छापले नाही ते तेच सांगते.

मी मधल्या किमतीची, लहान पिशवी आणली. पहिले तीन दिवस चार वाट्यांत एक वाटी नवे खाद्य, तीन जुने. पुढचे तीन दिवस निम्मे निम्मे. मग तीन वाट्या नवे, एक जुने. दहाव्या दिवशी सगळे नवे. आतड्यातले सूक्ष्म जीव आणि पाचक रस नव्या अन्नाला सरावायला तेवढा वेळ घेतात. घाई केली की जुलाब. दाढेची जागा दुखरी होती म्हणून दाणे कोमट पाण्यात भिजवले. त्याने वासही उठतो, आणि कुत्रे नाकाने जेवते. तिच्या शौचावर लक्ष. पातळ झाले तर एक पायरी मागे यायचे आणि दोन दिवस तिथेच थांबायचे. ताटली वीस मिनिटे ठेवायची, मग उचलायची; शिक्षा म्हणून नव्हे, अन्न आंबू नये म्हणून. आणि मध्ये कुणी पापडाचा तुकडासुद्धा टाकायचा नाही. ह्या शेवटच्या अटीवर आमच्या घरात भांडणे झाली.

तिसऱ्या दिवशी मुलगा ताटलीपाशी उभा राहून म्हणाला, "आई, म्हणजे हीसुद्धा फसवणूकच की. हळूहळू केलेली."

मी दचकले. मग त्याला खाली बसवून ताटली दाखवली. ठकीने भात-कोंबडी संपवली होती, आणि नवे दाणे एकेक वेगळे काढून ताटलीभोवती फरशीवर ठेवले होते; माझी मुले पोह्यातला कढीपत्ता काढून ठेवतात, अगदी तसे. जिच्या नाकापुढे आपले नाक म्हणजे लाकडाचा तुकडा, तिच्यापासून लपवणार काय? तिला प्रत्येक दाणा कळत होता, आणि तो बाहेर ठेवायची मुभा तिला होती. त्या दिवशी फरशीवर मी अकरा दाणे मोजले. पाचव्या दिवशी निम्मे-निम्मे असूनही सात होते. आठव्या दिवशी तिला जुलाब झाला, आम्ही मागे आलो, आणि दहा दिवसांचे चौदा झाले. त्या चौदा दिवसांत तिचे मन मी वळवले, की तिनेच मला थांबायला शिकवले, मला सांगता येणार नाही. शेवटच्या दिवशी फरशीवर दोन दाणे होते. ते मी उचलले, तिला पुन्हा दिले नाहीत.

नामदेवांची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. कुत्रे भाकरी पळवते आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावतात. सर्वांभूती परमेश्वर, असे तिचे तात्पर्य सांगतात. मला आता त्या गोष्टीतले दुसरेच काही दिसते. कुत्र्याची भूक तर भाकरीने भागलीच होती. तुपाची गरज भुकेला नव्हती. नामदेव धावले ते त्या कुत्र्याने कोरडे खाऊ नये म्हणून. त्याच्या पोटासाठी नव्हे, त्याच्या जिभेसाठी. 'भुकेला कोंडा' हे त्यांना सुचले नाही. (डॉक्टरांना ही गोष्ट सांगितली तर ते म्हणाले, "तूप थोडंच हं. जास्त झालं तर स्वादुपिंडाला सूज येते." प्रत्येक व्यवसायाचे आपले तात्पर्य असते.)

ह्यावर कुणी मला विचारील, आणि विचारावेच: बाई, तुमच्याच बालवाडीत डब्यात नुसती भाकरी-चटणी आणणारी मुले आहेत, तुम्ही कुत्रीच्या आवडीनिवडीचा निबंध कसला लिहिता? ह्याला माझ्याजवळ चोख उत्तर नाही. ठकीच्या पिशवीचा महिन्याचा खर्च यजमानांच्या पान-तंबाखूपेक्षा थोडा कमी येतो, हे उत्तर नव्हे. ती नुसती पळवाट आहे. एवढे मात्र घडले आहे की डबा संपवण्याचा नियम मी ह्या जूनमध्ये काढून टाकला. आता मूल भाजी बाजूला सारते तेव्हा मी आधी त्याचे तोंड उघडून पाहते. एकाच्या जिभेला फोड होते. एकाला घरी त्याच भाजीवरून मार बसला होता. आणि दोघे, खरे सांगायचे तर, निव्वळ लबाड होते. लबाड असतातच, ठकीही कधी कधी असते. पण ते शेवटी ठरवायचे, आधी नव्हे.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा तुमच्याही घरी फराळाची ताटे भरलेली असतील. शेजारच्या नेपाळात ह्याच दिवसांत एक दिवस कुत्र्यांचा असतो. त्यांना कुंकू लावतात, गळ्यात झेंडूच्या माळा घालतात आणि गोडधोड चारतात. आपणही घासभर देऊ पाहतो. पण बेसनाच्या लाडवावरचा तासगावचा तो बेदाणा कुत्र्याच्या मूत्रपिंडाचा घात करू शकतो. एखाद्याला दोनचार बाधतात, एखाद्याला मूठभर बाधत नाहीत, आणि आपले कुत्रे कोणते हे आधी कळत नाही. चॉकलेटही कुत्र्याला बाधते. चिवडा, चकली, शेव ह्या तळणाने त्याच स्वादुपिंडाची गत होते. ताटे जरा उंच ठेवा.

ह्या वर्षीच्या दसऱ्याला आमच्या गल्लीत कुणीतरी उशिरापर्यंत फटाके उडवले. ठकी संध्याकाळपासून जिन्याखाली अंग चोरून बसली होती. ताटली भरून ठेवली तेव्हा तिने वास घेतला आणि तोंड फिरवले. आक्का दारातून म्हणाल्या, "झालं का परत सुरू?" मी हो म्हटले. वीस मिनिटांनी ताटली उचलून झाकून ठेवली. रात्री साडेअकराला फटाके थांबले. मी ओट्याजवळ बसून वह्या तपासत होते. ठकी उठून आली आणि झाकलेल्या ताटलीपाशी उभी राहिली. मी पुन्हा कोमट पाणी ओतले आणि ताटली खाली ठेवली. तिने निम्मे खाल्ले. उरलेल्याकडे एकदा पाहिले, एकदा माझ्याकडे, आणि जाऊन झोपली.